मोसासोरसला नाव मिळायला अर्धे शतक का लागले?

प्रश्न असा आहे : नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त येथे मोसासोरस या प्रचंड, नामशेष समुद्री सरीसृपाची प्रसिद्ध कवटी अठराव्या शतकातच सापडली होती, तर तिला शास्त्रीय नाव १८२२ आणि १८२९ साली, तेही दोन टप्प्यांत, का मिळाले, आणि आज एखाद्या नामशेष समुद्री सरीसृपाचा जीवाश्म हाती आला, तर तो नवा आहे हे कोण ठरवते व त्याचे नाव कोण ठेवते? समुद्री सरीसृपांची हाडे खडकातून मोकळी करणे, त्यांची इतर नमुन्यांशी तुलना करणे आणि त्यांचे वर्णन लिहिणे हेच काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देतो. जीवाश्म खडकातून बाहेर येणे, तो कोणत्या प्राण्याचा आहे हे कळणे आणि त्याला नाव मिळणे या तीन वेगवेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यात कित्येकदा दशकांचे अंतर असते. यांतली मधली घटना सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाची असते. नाव घाईने दिले गेले तर ते निस्तरण्यात पुढच्या दोन-तीन पिढ्यांचा वेळ जातो, हे मोसासोरसच्याच इतिहासात स्पष्ट दिसते.

मास्ट्रिख्तच्या दक्षिणेला सेंट पीटर्सबर्ग नावाची टेकडी आहे. तिचा चुनखडक इतका मऊ आहे की त्याचे चौकोनी ठोकळे करवतीने कापून काढता येतात, आणि बांधकामासाठी शतकानुशतके असे ठोकळे काढले गेल्यामुळे टेकडीच्या पोटात भुयारांचे जाळे तयार झाले आहे. हा खडक क्रिटेशियस कालखंडाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपलेल्या काळात, उथळ उबदार समुद्राच्या तळाशी साचला. त्या टप्प्याला जगभरचे भूवैज्ञानिक आज ‘मास्ट्रिख्तियन’ म्हणतात, ते याच शहरावरून. समुद्री कासवांची कवचे, शंख-शिंपले, सागरी अर्चिन आणि अधूनमधून मोठ्या प्राण्यांची हाडे खाणकामगारांना इथे नेहमीच सापडत असत.

१७६०च्या दशकात इथे एका मोठ्या कवटीचे तुकडे सापडले. ते पुढे १७८४ साली मार्टिनस व्हान मारुम यांनी हार्लेम येथील टायलर संग्रहालयासाठी विकत घेतले आणि १७९० साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या कवटीमुळे हा प्राणी जगभर प्रसिद्ध झाला ती दुसरी कवटी मात्र १७८०च्या सुमारास सापडली. तिचे जबडे मीटरभराहून लांब आहेत आणि त्यांत जाड, किंचित मागे वळलेले दात आहेत. ज्या जमिनीखाली ती मिळाली तिची मालकी चर्चचे एक धर्माधिकारी थिओडोरस गॉडिंग यांच्याकडे होती, आणि कवटीही त्यांच्याच घरी राहिली. योहान लिओनार्ड हॉफमन नावाचे लष्करी शल्यवैद्य त्या भागातले जीवाश्म मोठ्या आस्थेने जमवत असत. त्यांनी या हाडांबद्दल त्या काळचे नामांकित शरीररचनातज्ज्ञ पेट्रुस काम्पर यांच्याशी पत्रव्यवहार केला. हॉफमन यांना हा प्राणी मगर वाटला. काम्पर यांनी १७८६ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले की ही मगर नसून दात असलेला एक अज्ञात देवमासा आहे.

या मताकडे आज हसून पाहणे फार सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. काम्पर यांनी जो युक्तिवाद केला तो हाडांवरून केला होता. मगरीचे दात आतून पोकळ असतात आणि खोबणीत बसतात. या प्राण्याचे दात भरीव, जाडजूड मुळांवर उभे होते. हाडे समुद्रात साचलेल्या खडकातून आली होती, प्राणी अवाढव्य होता, आणि समुद्रात राहणारा अवाढव्य, दात असलेला प्राणी म्हटला की त्या काळच्या कोणत्याही शरीररचनातज्ज्ञासमोर देवमासाच उभा राहणार. त्याहून मोठी अडचण ही होती की एखादी संपूर्ण प्राणिजात पृथ्वीवरून कायमची नाहीशी होऊ शकते, ही कल्पनाच अजून सर्वमान्य झालेली नव्हती. जो प्राणी हाती आला आहे तो आज जिवंत असलेल्यांपैकीच कोणीतरी असला पाहिजे, या चौकटीत विचार करणाऱ्याला मगर आणि देवमासा यांच्यापलीकडे फारसे पर्याय उरत नाहीत. नाव मिळायला उशीर होण्याचे खरे कारण इथे आहे. नव्या नावासाठी जी रिकामी जागा मनात असावी लागते, ती अजून तयार झालेली नव्हती.

ती जागा तयार करण्याचे श्रेय पेट्रुस काम्पर यांचे पुत्र आद्रियान काम्पर यांना दिले पाहिजे, आणि माझ्या मते ते त्यांना अजूनही पुरेसे मिळालेले नाही. वडिलांनी जमवलेले मास्ट्रिख्तचे नमुने त्यांनी पुन्हा तपासले आणि १७९९ साली पॅरिसमधील शरीररचनातज्ज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांना लिहिलेल्या पत्रात कळवले की हा प्राणी मगरही नाही आणि देवमासाही नाही, तर घोरपडीच्या नात्यातला एक प्रचंड सरडा आहे. वडिलांचे प्रसिद्ध झालेले मत मुलाने हाडांच्या पुराव्यावर बाजूला ठेवले. त्यासाठी त्यांच्या हाती काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. या प्राण्याला जबड्याच्या कडेला दात आहेतच, पण तोंडाच्या आत टाळूच्या हाडावरही दातांची एक रांग आहे. देवमाशाच्या टाळूवर दात नसतात, मगरीच्याही नसतात, पण सापांमध्ये आणि काही सरड्यांमध्ये असतात. खालच्या जबड्याची रचनाही निर्णायक आहे. तो अनेक हाडांचा बनलेला असून साधारण मध्यावर त्यात एक सांधा आहे, ज्यामुळे जबडा थोडा वाकू शकतो, आणि अशी रचना घोरपडीत दिसते. सस्तन प्राण्याचा खालचा जबडा प्रत्येक बाजूस एकाच हाडाचा असतो, त्यामुळे हा एकच मुद्दा देवमाशाचा विचार बाद करायला पुरेसा होता. क्युव्हिए यांनी १८०८ साली याला सविस्तर दुजोरा दिला. नामशेष होणे ही वस्तुस्थिती आहे असे ते ज्या प्राण्यांच्या आधारे ठामपणे मांडत होते, त्यांत मास्ट्रिख्तच्या या प्राण्याला मानाचे स्थान मिळाले.

तोवर कवटी पॅरिसला पोहोचली होती. फ्रेंच सैन्याने नोव्हेंबर १७९४ मध्ये मास्ट्रिख्त जिंकले आणि कवटी ताब्यात घेऊन फ्रान्सला नेली. ती आजही पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. या प्रसंगाबद्दल फोजा द सँ-फोंद या भूवैज्ञानिकांनी सांगितलेली एक गोष्ट पुस्तकांतून सतत फिरत असते : कवटी मुळात हॉफमन यांनी खर्च करून काढली, गॉडिंग यांनी खटला करून ती हिसकावली, आणि शेवटी सैनिकांनी सहाशे बाटल्या वाईनच्या बक्षिसासाठी ती शोधून आणली. नंतरच्या अभ्यासकांनी तिथली जुनी कागदपत्रे तपासली तेव्हा खटल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि ही कवटी हॉफमन यांच्या मालकीची कधी होती असेही दिसत नाही. फोजा हे विजेत्यांच्या बाजूचे होते आणि कवटी नेण्याचे समर्थन करण्यात त्यांचा स्वार्थ होता, हे लक्षात ठेवून ती कथा वाचावी.

आता नावाकडे येऊ. क्युव्हिए यांनी प्राणी ओळखला, पण त्याला लॅटिन नाव दिले नाही, ‘मास्ट्रिख्तचा मोठा प्राणी’ एवढ्यावरच तो ओळखला जात राहिला. मधल्या काळात जर्मन शरीररचनातज्ज्ञ सॅम्युएल थॉमस फॉन झोमरिंग यांनी बव्हेरियात मिळालेल्या एका लहान सांगाड्याला ‘लासेर्टा जायगँटिया’ असे नाव दिले आणि तो मास्ट्रिख्तच्या प्राण्याचेच पिल्लू असावे असे मानले. प्रत्यक्षात तो सांगाडा कोट्यवधी वर्षे जुन्या, ज्युरासिक काळातील समुद्री मगरीच्या कुळातला निघाला, आणि आज तो ‘जिओसॉरस’ या प्रजातीत गणला जातो. १८२२ साली इंग्लंडमधील विल्यम कॉनीबेअर यांनी मास्ट्रिख्तच्या प्राण्यासाठी ‘मोसासोरस’ हे नाव सुचवले. ज्या मास नदीच्या काठी तो सापडला तिच्या लॅटिन नावावरून ते घेतले आहे. पण शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात, पहिला प्रजातीचा आणि दुसरा त्या प्रजातीतील विशिष्ट जातीचा, आणि कॉनीबेअर यांनी फक्त पहिलाच भाग दिला होता. दुसरा भाग गिडियन मँटेल यांनी १८२९ साली दिला : मोसासोरस हॉफमनी. हॉफमन हेच या प्राण्याचे शोधक, अशी समजूत तोवर रूढ झाली होती, आणि त्यांच्या सन्मानार्थ हे नाव ठेवले गेले.

म्हणजे ज्या समजुतीवर नाव आधारलेले आहे तिचा बराचसा भाग आज टिकत नाही. तरीही नाव बदललेले नाही आणि बदलणारही नाही. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमसंहिता नावाचा अर्थ खरा आहे की खोटा हे पाहत नाही. योग्य रीतीने प्रसिद्ध झालेल्या नावांत सर्वांत आधीचे कोणते, आणि ते कोणत्या नमुन्याशी बांधलेले आहे, हे ती पाहते. याचे सर्वांत ठळक उदाहरण उलट्या दिशेने घडले. १८३४ साली अमेरिकेतील रिचर्ड हार्लन यांनी लुइझियानातून आलेल्या एका प्रचंड मणक्याला समुद्री सरीसृप समजून ‘बॅसिलोसॉरस’, म्हणजे राजसरडा, असे नाव दिले. रिचर्ड ओवेन यांनी १८३९ साली दातांवरून दाखवून दिले की तो सस्तन प्राणी, एक आदिम देवमासा आहे, आणि ‘झ्यूग्लोडॉन’ असे अधिक समर्पक नाव सुचवले. तरी आधीचे नावच टिकले. मास्ट्रिख्तला सरीसृपाला देवमासा मानले गेले आणि लुइझियानात देवमाशाला सरीसृप. पहिल्या चुकीचा नावावर काहीही परिणाम झाला नाही, कारण त्या टप्प्यावर नाव दिलेच गेले नव्हते. दुसरी मात्र नावात कायमची कोरली गेली.

हार्लन यांचेच १८३४ सालचे आणखी एक नामकरण मी माझ्याबरोबर काम शिकणाऱ्यांना नेहमी सविस्तर सांगतो, कारण नमुना आणि नाव यांचे नाते त्यातून जितके नीट कळते तितके नियमसंहितेच्या कलमांतून कळत नाही. मिसूरी नदीच्या मोठ्या वळणाजवळ, आजच्या साउथ डकोटा राज्यात, एका समुद्री सरीसृपाचा सांगाडा सापडला. त्याच्या मुस्कटाचे टोक तुटून वेगळे झाले आणि हार्लन यांच्या हाती आले. त्यांना तो इक्थिओसॉर, म्हणजे माशासारख्या आकाराचा नामशेष समुद्री सरीसृप, वाटला आणि त्यांनी त्याला ‘इक्थिओसॉरस मिसूरिएन्सिस’ असे नाव दिले. उरलेली कवटी आणि मणके त्याच सुमारास अमेरिकेचा प्रवास करणाऱ्या प्रिन्स मॅक्सिमिलियन झू वीड यांना मिळाले, त्यांनी ते जर्मनीला नेले, आणि बॉन येथील ऑगस्ट गोल्डफुस यांनी १८४५ साली त्यांचे उत्कृष्ट वर्णन करून ‘मोसासोरस मॅक्सिमिलियानी’ हे नाव दिले. एकाच प्राण्याची दोन नावे झाली : एक चांगल्या नमुन्याचे, चांगल्या वर्णनासह, दुसरे एका तुटक्या टोकाचे, चुकीच्या गटात टाकलेले. दोन्ही तुकडे एकाच जनावराचे असावेत अशी शंका एकोणिसाव्या शतकातच व्यक्त झाली होती, पण हार्लन यांचा नमुना हरवला होता. तो २००४ साली पॅरिसच्या संग्रहालयात पुन्हा सापडला आणि बॉनच्या कवटीशी जुळला. आज या जातीचे नाव मोसासोरस मिसूरिएन्सिस असे आहे. गोल्डफुस यांचे काम निःसंशय अधिक चांगले होते, तरी अग्रक्रम अकरा वर्षे आधीच्या नावाला आहे. मला व्यक्तिशः हे थोडे कठोर वाटते, पण नियम नसता तर प्रत्येक पिढीने आपल्याला अधिक चांगले वाटणारे नाव लावले असते आणि दोनशे वर्षांचे लेखन कोणत्या प्राण्याबद्दल आहे हेच कळेनासे झाले असते.

ज्या एका नमुन्याला नाव बांधलेले असते त्याला होलोटाइप म्हणतात. मोसासोरस हॉफमनीचा होलोटाइप म्हणजे पॅरिसमधली ती कवटी. जगात इतरत्र मिळालेली कोणतीही कवटी या जातीची आहे असे म्हणायचे असेल तर तुलना शेवटी तिच्याशीच करावी लागते. इथे एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते : १८२९ साली मँटेल यांनी नाव दिले तेव्हा त्यांनी या जातीची वेगळेपणाची लक्षणे आजच्या अर्थाने नोंदवलीच नाहीत. त्या काळी तशी अपेक्षाही नव्हती. परिणाम असा झाला की पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षे जगभरचे मोठे, जाड दातांचे मोसासॉर (मोसासोरस आणि त्याच्या कुळातले इतर प्राणी यांना मिळून मोसासॉर म्हणतात) या एका प्रजातीत टाकले जात राहिले आणि तिच्यात डझनावारी जाती जमा झाल्या. होलोटाइपचे काटेकोर पुनर्वर्णन आणि प्रजातीची नव्याने केलेली व्याख्या २०१७ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्या कसोटीवर खऱ्या अर्थाने मोसासोरस म्हणता येतील अशा जाती बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. सर्वांत आधी नाव मिळालेला मोसासॉर हा सर्वांत उशिरा नीट व्याख्या झालेल्या मोसासॉरांपैकी एक ठरला. त्याच्या लांबीबद्दल १२ मीटरपासून १७ मीटरपर्यंत जे अंदाज वाचायला मिळतात, त्यांतील तफावतीमागेही हे एक कारण आहे. कोणते तुकडे याच जातीचे मानायचे आणि कवटीवरून धडाची लांबी कोणत्या प्रमाणाने काढायची, यावर आकडा अवलंबून राहतो.

अपुऱ्या हाडांवरून दिलेले प्रत्येक नाव वाईटच ठरते असे मात्र नाही. कॉनीबेअर आणि हेन्री दे ला बेश यांनी १८२१ साली ‘प्लेसिओसॉरस’ या दुसऱ्या एका समुद्री सरीसृपाचे नाव विखुरलेल्या हाडांवरूनच दिले होते. डोके कसे आहे हेही त्यांना नीट माहीत नव्हते. डिसेंबर १८२३ मध्ये मेरी ॲनिंग यांनी इंग्लंडच्या लाइम रीजिस येथील किनाऱ्यावर जवळजवळ संपूर्ण सांगाडा शोधून काढला आणि कॉनीबेअर व दे ला बेश यांचा अंदाज खरा ठरला. या सांगाड्याची मान इतकी लांब होती की क्युव्हिए यांना आधी बनावटीची शंका आली. फेब्रुवारी १८२४ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीत कॉनीबेअर यांनी तो मांडला आणि जातीचे नाव दिले. त्या सादरीकरणात मेरी ॲनिंग यांचे नावही घेतले गेले नाही. ज्या बाईच्या हातांनी आणि नजरेने हे शास्त्र उभे राहिले तिला ज्या सभेत प्रवेशही नव्हता, त्या सभेच्या इतिवृत्तात तिची नोंद नाही, ही गोष्ट प्रत्येक वेळी वाचताना मला अस्वस्थ करते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. आज नवा जीवाश्म मिळाला तर सर्वांत मौल्यवान माहिती हाड उचलण्यापूर्वीच्या काही तासांत मिळते : हाड नेमक्या कोणत्या थरात होते, थराचा उतार कसा होता, शेजारी कोणते शंख होते, हाडे एकमेकांना जोडलेली होती की विखुरलेली. शंखांवरून, विशेषतः अमोनाइटवरून, थराचे वय ठरते, आणि वय माहीत नसलेला समुद्री सरीसृप अर्धाच उपयोगी असतो. त्यानंतर प्लास्टरचे आवरण करून तो ठोकळा प्रयोगशाळेत नेणे, हवेच्या दाबावर चालणाऱ्या सुईसारख्या हत्याराने खडक कणाकणाने काढणे आणि शक्य असेल तिथे सीटी स्कॅन करून आतली रचना पाहणे, हे काम महिनोन्महिने चालते.

खरी परीक्षा तुलनेची असते. हाती असलेले हाड ज्ञात जातींपेक्षा वेगळे दिसते, पण का वेगळे दिसते? कधी प्राणी तरुण असतो. कॅन्ससमधील मोसासॉरांची एक जात, टायलोसॉरस कॅन्ससेन्सिस, २००५ साली नवी जात म्हणून जाहीर झाली, आणि २०१६ साली दुसऱ्या संशोधकांनी मांडले की ती आधीच ज्ञात असलेल्या टायलोसॉरस नेपिओलिकसची अपरिपक्व वयातली रूपे आहेत. कधी खडकाच्या भाराने कवटी चपटी होते आणि तिची मापे बदलतात. इक्थिओसॉरच्या बाबतीत हे सतत घडते, कारण ते ज्या गाळाच्या खडकात मिळतात तो दाबला जाऊन खूप पातळ होतो. कधी एकाच जातीतल्या दोन प्राण्यांत जो साधा फरक असतो तेवढाच तो असतो. हे सर्व पर्याय बाद झाल्यावर जे लक्षण उरते, आणि जे दुसऱ्या कोणत्याही जातीत नसते, त्यावरच नवे नाव उभे राहू शकते. त्यासाठी इतर जातींचे होलोटाइप प्रत्यक्ष पाहावे लागतात. छायाचित्रावरून सांधा मूळचा आहे की तडा आहे हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही.

नमुना खरा आहे का, हाही प्रश्न आता गंभीर झाला आहे. मोरोक्कोतील फॉस्फेटच्या खाणींतून मोसासॉरांचे असंख्य दात आणि जबडे व्यापाऱ्यांमार्फत बाहेर पडतात. तिथल्या एका जबड्याच्या तुकड्यावरून २०२१ साली ‘झेनोडेन्स’ ही नवी प्रजाती जाहीर झाली. तिचे करवतीसारखे एकमेकांना चिकटून बसलेले दात इतर कोणत्याही मोसासॉरपेक्षा वेगळे होते. २०२४ साली दुसऱ्या गटाने लेख लिहून शंका घेतली की हे दात जबड्यात नंतर बसवलेले असू शकतात, आणि सीटी स्कॅन करून तपासणीची मागणी केली. मोसासॉरचा प्रत्येक दात स्वतःच्या खोबणीत हाडासारख्या ऊतीने घट्ट जोडलेला असतो आणि त्याच्या जागी येणारा नवा दात मुळाशी खड्डा करीत वाढतो, त्यामुळे एका खोबणीवर दोन दात बसलेले दिसले तर शंका यायलाच हवी. अशा वेळी कोणी काढला, कुठून काढला, मधे कोणाच्या हातून गेला याची नोंद असलेला नमुना किती महत्त्वाचा असतो ते कळते.

लक्षणे पटली तरी नाव न देणे हाही एक सन्माननीय निर्णय आहे, आणि तो अधिक वेळा घेतला जावा असे मला मनापासून वाटते. कच्छमधील लोडाई गावाजवळ सुमारे साडेपाच मीटर लांबीचा इक्थिओसॉरचा सांगाडा मिळाला, तो भारतातील ज्युरासिक खडकांतला पहिला इक्थिओसॉर. २०१७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले तेव्हा संशोधकांनी तो ऑफ्थॅल्मोसॉर कुळातला आहे एवढेच म्हटले आणि नवे नाव दिले नाही. इतका सुंदर सांगाडा हाती असताना हा मोह आवरणे सोपे नाही. याउलट रिचर्ड लिडेकर यांनी १८७९ साली दक्षिण भारतातील तिरुचिरापल्ली भागातल्या काही मणक्यांवरून ‘इक्थिओसॉरस इंडिकस’ ही जात स्थापन केली होती. इक्थिओसॉरच्या मणक्यांवरून जात ओळखता येत नाही, म्हणून ते नाव आज संदिग्ध मानले जाते. ते यादीतून पुसता येत नाही आणि वापरताही येत नाही.

नाव द्यायचेच ठरले तर नमुना सार्वजनिक संस्थेच्या संग्रहात नोंद क्रमांकासह जमा करणे हे मी पहिले बंधन मानतो. खाजगी संग्रहातला होलोटाइप उद्या विकला गेला तर नाव हवेत लटकते. संग्रहालयातही तो पूर्ण सुरक्षित असतो असे नाही : १८२० साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्ससाठी विकत घेतला गेलेला इक्थिओसॉरचा पहिला संपूर्ण सांगाडा १९४१ साली बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला. त्याचे दोन जुने प्लास्टरचे साचे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या आणि बर्लिनच्या संग्रहालयांत ओळखले गेल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले, म्हणून आज त्याबद्दल काही बोलता तरी येते. मिळालेल्या प्रत्येक होलोटाइपचा साचा किंवा त्रिमितीय स्कॅन दुसऱ्या ठिकाणी ठेवावा असा माझा आग्रह त्यामुळेच असतो. मग लेखात नव्या जातीची लक्षणे, होलोटाइपचा क्रमांक, स्थळ आणि थर स्पष्ट लिहावे लागतात. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होणाऱ्या लेखातील नाव २०१२ पासून मान्य होते, पण त्यासाठी लेखाची ‘झूबँक’ या अधिकृत नोंदवहीत आधी नोंद असावी लागते. वृत्तपत्रात, व्याख्यानात किंवा प्रदर्शनाच्या फलकावर घोषित केलेल्या नावाला काहीही स्थान नाही.

सापडवणाऱ्याला नाव देण्याचा अधिकार असतो का, असेही प्रश्नात अभिप्रेत आहे. नियमाने नसतो. नाव देतो तो वर्णन प्रसिद्ध करणारा लेखक. चांगला संशोधक सापडवणाऱ्याला विचारतो, लेखात त्याचा उल्लेख करतो, आणि त्याच्या नावावरून जातीचे नावही ठेवू शकतो, पण हे सौजन्य आहे. शास्त्रीय नावापुढे जे आडनाव आणि वर्ष लिहिले जाते ते लेखकाचे असते, म्हणून आपण ‘मोसासोरस हॉफमनी मँटेल, १८२९’ असे लिहितो. मास्ट्रिख्तच्या भुयारात ती कवटी ज्या खाणकामगारांनी प्रथम पाहिली त्यांचा त्यात उल्लेख नाही. आणि ‘मोसासोरस मिसूरिएन्सिस (हार्लन, १८३४)’ असे लिहिताना हार्लन यांचे नाव कंसात येते, कारण जातीचे नाव त्यांनीच दिले असले तरी त्यांनी ती दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती. यादीत असा कंस दिसला की त्या प्राण्याची ओळख कधीतरी बदलली आहे असे समजावे आणि मूळ लेख काढून वाचावा.